'टेक'च्या महिन्यातलं झाकण

एका मंगळवारी सकाळी पाण्याच्या टँकरचे मागचे चाक एका गल्लीतील गटाराच्या झाकणावरून गेले आणि झाकणाने देह ठेवला. अशी घटना कोठेही घडू शकते, किंबहुना घडतेच. तरी हे झाकण नेमके एका घराच्या उंबऱ्यासमोर असल्यामुळे तिचे गांभीर्य वाढते.

घरात माणसे दोन. पडदे आणि उशांचे अभ्रे शिवणारी सून, आणि तिचे सासरे. सासरे पूर्वी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. डोळे गेले, दातही बरेचसे गेले, पण देवाच्या कृपेने फुंक शाबूत होती. गल्लीच्या टोकाला त्यांचा बँडमधला ढोलवाला मित्र अंथरुणाला खिळला होता. रोज संध्याकाळी सासरे काठीने चाचपत त्याच्याकडे जात, देवाची दोन पदे वाजवत, आणि तो पडल्या पडल्या गादीवर बोटांनी ठेका धरी. तेवढ्या आशेवर तो औषध घेतो, असे त्याची बायको म्हणे.

आता दारापुढे दाराएवढेच भगदाड होते. सून भिंतीचा कठडा धरून कशीबशी पलीकडे जाई. सासऱ्यांच्या गुडघ्यांना ती कसरत झेपणारी नव्हती.

"तो वाट बघत असेल गं, पोरी."

"आज झाकण घेऊनच येते, बाबा. एक झाकणच तर मागायचंय, कुणाचं राज्य थोडंच?"

बिचारीला ठाऊक नव्हते की राज्य मागितले असते तर लवकर मिळाले असते.

कारण देखभाल कार्यालयात त्या सुमारास इंग्रजी सुधारण्याची मोहीम चालू होती. वरून पाहणीला आलेल्या एका बड्या पाहुण्याला इथल्या साहेबांनी "कम कम, सिट सिट" म्हटले होते आणि पाहुणा उभ्या उभ्याच परत गेला होता. तेव्हापासून शिकवायला एक सर नेमले गेले. सरांची पद्धत शास्त्रशुद्ध होती. महिन्याला एक क्रियापद. महिनाभर साऱ्या कार्यालयाने त्याच क्रियापदात बोलायचे, त्यातच विचार करायचा आणि कामही त्यातच बसवायचे. पुढच्या क्रियापदाला आधी हात लावणे म्हणजे शिस्तभंग.

चालू महिना 'टेक'चा होता.

"टेक म्हणजे घेणे," सरांनी सांगितले होते. "फार मनमिळाऊ क्रियापद आहे हो हे. सीट टेक करता येते, चहा टेक करता येतो. गोळी, बस, रजा, शपथ, फोटो, माप, नाम कुठलंही आणा, हे कुणालाच नाही म्हणत नाही."

"अगदी आमच्या साहेबांसारखं," मागच्या बाकावरून शिपाई पुटपुटला.

तर सून खिडकीशी आली. खिडकीत चष्मेवाल्या बाई बसल्या होत्या.

"टेक अ सीट," बाई म्हणाल्या.

"बसायला वेळ नाही हो ताई. आमच्या दारात झाकण..."

"आधी सीट टेक करा. मग टोकन टेक करा. मग मी तुमची तक्रार टेक करीन. क्रम चुकवू नका, सर फेरी मारतात."

सूनबाईने सीट घेतली, टोकन घेतले, आणि दुपार कलल्यावर बाईंनी तक्रार घेतली.

"म्हणजे झाकण देणार ना?"

बाईंनी इकडेतिकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "देणार कसं? 'देणे' म्हणजे गिव्ह. तो पुढचा महिना आहे."

"अहो, पण झाकणं मागे अंगणात रचून ठेवलीत. मी येताना बघितली!"

"आहेत ना. हवी तेवढी आहेत. पण या महिन्यात ती फक्त घेता येतात. कुणी आणून दिली, तर आम्ही आनंदाने घेऊ."

कार्यालय मात्र स्वस्थ बसले नाही, हे सांगितले नाही तर अन्याय होईल. दुसऱ्याच दिवशी एक जण आला आणि त्याने भगदाडाचा फोटो टेक केला. त्यानंतर आलेल्याने माप टेक केले. तिसऱ्याने शेजाऱ्यांचे मत टेक केले. चौथा आला, कठड्यावर बसला आणि त्याने ब्रेक टेक केला. गल्लीत एवढी सरकारी वर्दळ पूर्वी कधीच झाली नव्हती.

"आज कोण आलं होतं गं?" सासरे विचारीत.

"आज साहेबांचे मदतनीस. त्यांनी आढावा घेतला."

"आणि ठेवलं काय?"

"खड्डा, बाबा."

गल्लीच्या टोकाकडून ढोलवाल्याची बायको निरोप पाठवी. त्याने जेवण अर्ध्यावर आणले होते. मग औषध नको म्हणू लागला. वाजवणार कोण, असे विचारी आणि भिंतीकडे तोंड करून पडून राही.

शेवटी सुनेने आपली कापड बेतायची फळी उचलली, चांगली जाड शिसवी, आणि भगदाडावर टाकली. कापड आता जमिनीवर बसून बेतू म्हणाली. त्या संध्याकाळी सासरे फळीवरून पलीकडे गेले, क्लॅरिनेट वाजले, गादीवर बोटे नाचली आणि ढोलवाल्याने मागून वाटीभर भात खाल्ला.

दुसऱ्या दिवशी कार्यालयाने अ‍ॅक्शन टेक केली. सार्वजनिक खड्ड्यावर खासगी फळी म्हणजे अतिक्रमण. फळी ताब्यात घेतली.

"अहो, माझं पोट आहे त्या फळीवर!" सून ओरडली.

"बाई, आम्हाला ओव्हरटाइम टेक करून यावं लागलं, ते नाही दिसत तुम्हाला?" फळी नेणारा दुखावल्या स्वरात म्हणाला. जाताना त्याने भगदाडाशेजारी एक सुंदर रंगवलेली पाटी रोवली.

सासऱ्यांनी पाटी चाचपली. "काय लिहिलंय गं?"

"टेक केअर. म्हणजे काळजी घ्या."

"कुणासाठी लावलीय?"

"तुमच्यासाठी, बाबा."

सासरे खूप वेळ हसले. "पोरी, घेण्याजोगं या जगात एकच. देवाचं नाव. ते कितीही घेतलं तरी कुणाच्या घरातलं कमी होत नाही. बाकी सगळं बापडं द्यायचं असतं. पण यांना त्याचा महिना यायचाय."

महिना सरत आला तेव्हा मोठे साहेब स्वतः आले. बरोबर सर होते, चष्मेवाल्या बाई होत्या, शिपाई होता. 'टेक'चा समारोप याच जागी व्हावा असे ठरले होते. एका झाकणावर कार्यालयाने इतक्या प्रकारे काम केल्याचे दुसरे उदाहरण नव्हते. गर्दी जमली. साहेबांनी सगळे श्रेय टेक केले आणि पाटी, भगदाड व स्वतः असे तिघेही एका फोटोत यावेत म्हणून ते एक पाऊल मागे सरले.

खालून आवाज आला, तो इंग्रजी नव्हता.

"अरे, हात द्या रे कुणीतरी! हात द्या!"

शिपाई पुढे झाला, तोच बाईंनी त्याची बाही धरली. "सरांसमोर? देणे पुढच्या महिन्यात!"

सर गंभीर झाले. "साहेब, वाक्य 'टेक'मध्ये बसवता येतंय का बघा. 'टेक माय हँड' म्हणा. अगदी शुद्ध आहे."

"टेक माय हँड!" साहेब गटारातून किंचाळले.

"व्हेरी गुड," सर म्हणाले.

भोवतीच्या गर्दीने मात्र आपले कर्तव्य चोख बजावले. प्रत्येकाने मोबाइल उंच धरून व्हिडिओ घेतला. मागच्यांना नीट दिसेना, तर पुढच्यांनी समजूतदारपणे वाकून घेतले.

"पोरी," घरातून सासरे म्हणाले, "पडद्याचं जाड कापड आण. दाराच्या खांबाला गुंडाळ, टोक माझ्याकडे दे." ते उंबऱ्यावर पालथे पडले, कापड खाली सोडले आणि दुसरा हात अंदाजाने अंधारात घातला. अंधाराची त्यांना सवय होती. सुनेने खांबाला पाय लावून ओढले, आणि साहेब वर आले. चिखलाने माखलेले, बूट एकच.

साहेबांनी श्वास घेतला, टॉवेल घेतला, गाडीतून निरोप घेतला. दुसऱ्या दिवसापासून वैद्यकीय रजा घेतली. नवे साहेब आले. त्यांनी सूत्रे हाती घेतली आणि कार्यालयाचा 'टेक' जरा कच्चा राहिल्याचे त्यांच्या लक्षात आल्यामुळे त्याच क्रियापदाला आणखी एक महिना वाढवून घेतला.

त्या दिवशी साहेबांची गाडी गेल्यावर सासरे क्लॅरिनेट काखेत मारून उंबऱ्यात उभे राहिले होते.

"एवढे जण आहात," ते गर्दीच्या दिशेने म्हणाले, "दोघांनी धरलंत तर मी पलीकडे पोचतो. मित्र वाट बघतोय."

व्हिडिओ घेऊन झाल्यावर गर्दी पांगली होती.

सासरे अजून तिथेच उभे आहेत. आणि वाचकहो, तुम्हीही इथवर आलात, साहेब पडले तेव्हा यथेच्छ मजा घेतलीत. आता जाता जाता म्हाताऱ्याला जरा हात देता का?

नाही? असू द्या. टेक युअर टाइम.