साडूचा डबा

साडूच्या मुलीने सहाव्या महिन्यात आवाजाच्या दिशेला मान वळवली, तेव्हापासून घड्याळजीला जेवण गोड लागेना. त्याचा मुलगा तिच्यापेक्षा चार दिवसांनी मोठा, पण टाळ्या वाजवा, खुळखुळा वाजवा, स्वारी आपली छताच्या पंख्याकडे बघत बसायची.

साडू शाळामास्तर. तो फोनवर नुसतं सांगायचा नाही, शिकवायचा. "त्याचं काय आहे, आम्ही दुधाच्या पावडरचा डबा बदलला. अत्यावश्यक मेदाम्लं! मेंदू घडतो त्यानं. तुमच्या डब्यात आहेत का, बघून घ्या हो."

घड्याळजीने बघितलं नाही. नसतीलच, अशी त्याची खात्री होती. "आपल्या डब्यावर नुसता ससा आहे," तो बायकोवर उखडला. "त्यांच्या डब्यावर मेंदू असणार!"

"डॉक्टरांनीच लिहून दिलाय तो," बायको म्हणाली. "आणि लेकरू बघेल की सावकाश."

रविवारी सासूबाई साडूकडे मुक्कामाला आल्या, म्हणून ही तिघंही भेटायला गेली. सगळे बाहेर गप्पांत रंगलेले पाहून घड्याळजी पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात शिरला. ओट्यावर तो डबा होता. त्याने खिशातलं भिंग डोळ्याला लावलं आणि बारीक अक्षरं वाचू लागला. पिष्टमय पदार्थ... प्रथिने... मेदाम्ले... आकड्यावर नजर पोचते तोच सासूबाईंची पावलं वाजली. डबा जागेवर ठेवायचा, एवढं साधं त्याला सुचलं नाही. त्याने तो सदऱ्यात कोंबला.

"जावईबापू, डोळ्याला काय झालं?"

"कचरा," भिंग खिशात टाकत तो म्हणाला.

तेवढ्यात मास्तरांची लेक भुकेने रडू लागली आणि डब्याचा शोध सुरू झाला. फडताळं उघडली, कचऱ्याची बादली उपसली. घड्याळजीही पोटावर हात धरून पलंगाखाली वाकून बघून आला.

"आत्ता तर होता!" मेहुणी रडकुंडीला आली. "आज दुकानंही बंद."

"आमच्या पिशवीत आहे ना डबा," घड्याळजीची बायको म्हणाली. "ताई, तू पाणी गरम कर."

"ससावाला?" मास्तर दचकले. "एका वेळेनं काही मेंदू अडत नाही म्हणा. जरा हिला धरता का?"

त्यांनी मुलगी घड्याळजीच्या हातात दिली. तिने रागाने लाथ झाडली.

टण्.

मुलगी रडायची थांबली. तिने पुन्हा लाथ मारली. टण्! आणि ती खुदकन हसली.

घड्याळजीच्या बायकोने जवळ येऊन नवऱ्याच्या सदऱ्याचं एक बटण काढलं. आतून डबा डोकावला.

"अहो!" ती एवढंच म्हणाली. लाजेने तिचे कान लाल झाले होते.

"बघा, बघा!" मास्तर ओरडले. "आपला डबा बरोबर शोधला पोरीनं!"

"मी फक्त वाचत होतो," घड्याळजी पुटपुटला. "चार रात्री झोप नाही मला. वाटलं, माझं पोर मागं पडतंय ते माझ्यामुळे."

मास्तरांनी हात पुढे केला. "भिंग द्या."

त्यांनी दोन्ही डबे खिडकीशी नेले. वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरत गेला. तीच मेदाम्लं, तेवढीच, मिलिग्रॅमपर्यंत सारखी.

"मग तुमचा मुलगा आमच्या आधी पालथा कसा पडला?" ते एकदम म्हणाले. "त्या दिवसापासून मी डबे बदलतोय. हा तिसरा!"

दोन्ही बहिणींनी एकमेकींकडे बघितलं. सासूबाईंनी नातीला मांडीवर घेतलं, बाटली तिच्या तोंडाला लावली आणि खिडकीकडे पाहून म्हणाल्या,

"भिंग हातात आहे तर तेही वाचा. ही पावडर जावयांना चालेल असं लिहिलंय का कुठे?"