शेवटच्या खांबावरचं व्होल्टेज

एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगते: वीज वाहून नेणारी लाईन कशी शिकवावी, हे माझ्याइतकं अख्ख्या वर्धा जिल्ह्यात कोणाला कळत नसेल. निदान त्या मंगळवारी सकाळपर्यंत तरी माझं असंच मत होतं.

मी मोनाली. इलेक्ट्रिकलची पदवी इतकी ताजी, की अजून आईने तिच्यावरचं प्लास्टिक काढू दिलेलं नाही. वर्ध्याच्या एका पॉलिटेक्निकमध्ये शिकवायची जागा निघाली आणि मला बोलावणं आलं. मंगळवारी बारा वाजता विभागप्रमुखांसमोर वीस मिनिटं शिकवून दाखवायचं. विषय: लहान, मध्यम आणि लांब पारेषण लाईनची मॉडेल्स.

माझा आवडता विषय! तुम्हालाही दोन मिनिटांत समजावते. वर्ध्याहून नागपूरला निघालात, तर डबा कोणी घेत नाही. फक्त रस्त्यातले खड्डे मोजायचे. ही लहान लाईन. अकोल्याला निघालात, तर डबा लागतोच. पण हिशेब सोपा: अर्धा निघताना खाल्ला, अर्धा पोचल्यावर. ही मध्यम लाईन. आणि हिंगणघाटवरून थेट हैदराबादला निघालात, तर थोडा रस्ता, थोडं खाणं, पुन्हा थोडा रस्ता, पुन्हा थोडं खाणं, असं शेवटपर्यंत धरावं लागतं. ही लांब लाईन. खड्डे म्हणजे तारेचा अडथळा, आणि डबा म्हणजे कपॅसिटन्स, दोन तारांमध्ये साठणारी विजेची शिदोरी. संपलं. आहे काही अवघड?

आता गंमत अशी, की लांब लाईनच्या टोकाला काहीच जोडलेलं नसेल, तर ह्या शिदोरीमुळे टोकाचं व्होल्टेज सुरुवातीपेक्षा जास्त भरतं. वाचून कोणाचा विश्वास बसत नाही. म्हणून मी ते डोळ्यांना दाखवायचं ठरवलं. फळीवर तारेच्या दहा गुंडाळ्या, प्रत्येकीजवळ एक कंडेन्सर, की झाली टेबलावर मावणारी लांब लाईन. कंडेन्सर म्हणजे आपल्या छताच्या पंख्यात असतो तोच.

दुकानदाराने विचारलं, "ताई, एवढे पंखे एकदम बिघडले?"

"पंखा नाही, लाईन बनवायची आहे."

त्याने होते तेवढे काढून दिले. एक कमी पडला. तो मी बाबांच्या खोलीतल्या पंख्यातून काढला. मे महिना होता, पण विज्ञानासाठी माणसाने थोडं घामाघूम व्हायला काय हरकत आहे? विशेषतः तो माणूस दुसरा असेल तर.

तार मी मुद्दाम जाड घेतली. गुंडाळ्या करताना वेढे मोजायचं काम आईकडे दिलं. ती स्वेटर विणते, त्यामुळे तिच्या मोजण्यावर माझा पूर्ण भरवसा.

सोमवारी संध्याकाळी ओट्यावर रंगीत तालीम ठेवली. प्रेक्षक तीन: बाबा, म्हणजे दौलतराव, आई, म्हणजे गोपिका, आणि शेजारच्या शेतातले ज्ञानेश्वर काका. सेवाग्रामच्या पुढे आमचं गाव. सगळे भाजीपाला पिकवणारे. आमच्या गावात माणसाची ओळख खांबावरून होते. अच्युतराव पहिल्या खांबावरचे. डीपी, म्हणजे गावाला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, त्यांच्या बांधाला लागून, त्यामुळे त्यांच्या मोटरीचं पाणी ताडाएवढं उंच उडतं आणि मानही तशीच वर असते. ज्ञानेश्वर काका शेवटच्या खांबावरचे. त्यांच्यापर्यंत पोचेस्तोवर व्होल्टेज इतकं थकतं, की मोटर नुसती गुणगुणते. काकांनी आयुष्यभर मोटरीचं भजन ऐकलं, पाणी क्वचितच पाहिलं. त्या वर्षी त्यांची वांग्याची रोपं माना टाकून उभी होती.

मी छोटा ट्रान्सफॉर्मर लावून घरची वीज उतरवली आणि मॉडेलला चोवीस व्होल्ट दिले. फळीच्या दुसऱ्या टोकाला मीटर लावला. तीस!

बाबा म्हणाले, "मीटर खराब असन."

"बाबा, मीटर नवा आहे."

काका पुढे सरकले. "म्हणजे सुरवातीले कमी, अन् शेवटच्याले जास्त?"

"बरोब्बर, काका!" असा विद्यार्थी मला जन्मात मिळाला नव्हता. "टोकाला जास्त. फक्त एक अट आहे, टोकाला..."

पण अट ऐकायला काका होते कुठे? चहाचा कप तसाच सोडून ते चपला शोधायला लागले होते. आई म्हणाली, "भाऊजी चहा सोडून गेले. तू काही बोलली का त्याईले?"

मंगळवारी सकाळी मी आरशासमोर साडीच्या निऱ्या घालत होते. अंगणात गलका झाला. खिडकीतून पाहिलं तर निम्मं गाव; काकांनी बातमी रात्रीतून घरोघर पोचवली होती. आणि भांडण असं, की आमच्या गावात आजवर कधी झालं नसेल.

"शेवटचा मी हाओ. माह्या मांगं कोणाचा खांब नाई."

"तुया खांब वाकडा हाय, तो मोजत नाई."

"नीलेश, तू कालपर्यंत सांगत होता, मी मंधातला हाओ म्हणून."

"कालची गोष्ट काल, भाऊ."

आणि ह्या सगळ्यात मिशीला पीळ देत अच्युतराव उभे. पहिल्या खांबाचे मालक! "बाई मोनाली," ते म्हणाले, "आपली इज्जत हाय गावात. लाईन उलटी फिरवून मले शेवटी टाकता येते का, तेवढं पाह्य."

मी निऱ्या हातात धरूनच ओट्यावर आले. इतका मोठा वर्ग समोर असताना कोणाला राहवेल? रस्ता, खड्डे, डबा, सगळं पुन्हा सांगितलं. लोक माना डोलवत होते. मग म्हटलं, "पण हे कधी? टोकाला लोड नसेल तर."

"लोड म्हणजे?"

"म्हणजे मोटर बंद असेल तर."

 मधल्या खांबावरचा नीलेश म्हणाला, "मोटर बंद असन, तर त्या वाढीव व्होल्टेजचं लोणचं घालू का?"

सगळे हसले. अच्युतराव सगळ्यात मोठ्याने हसले. मान पुन्हा पूर्वीच्या उंचीवर. मी उत्तर द्यायला फळीकडे हात केला, आणि हात हवेतच राहिला. रात्री ओट्यावरच ठेवलेली फळी जागेवर नव्हती. नुसता ट्रान्सफॉर्मर एकटा बसला होता, वरातीत नवरदेव निघून गेल्यावर मागे राहिलेल्या मामासारखा.

मग लक्षात आलं, की शेवटच्या खांबाचं एवढं भांडण चाललंय, पण शेवटच्या खांबाचा खरा मालक काही अंगणात दिसत नाही.

"बाबा, गाडी काढा. काका मॉडेल घेऊन गेले."

"जाऊ दे, आणून देते तो."

"बाबा, ट्रान्सफॉर्मर इथं आहे. म्हणजे त्यांनी ते डायरेक्ट मेनवर लावलं असणार. आणि मला बाराला ते कॉलेजात दाखवायचं आहे!"

बाबांनी मोटरसायकल अशी काढली, की पालकाचे दोन वाफे मध्येच संपले. मी मागे, एका हाताने पदर आणि दुसऱ्या हाताने बाबांना धरून. सगळं अंगण पायी मागून.

काकांच्या मोटरीच्या खोपट्यात माझी लांब लाईन मोठ्या थाटात पसरली होती. फळीला हळदकुंकू लावलं होतं, समोर नारळ फोडला होता. मोटरीकडे जाणारी तार फळीतून घेतली होती. आणि वर टांगलेला पिवळा बल्ब, जो बिचारा वर्षानुवर्षं काजव्यासारखा मिणमिणायचा, तो आज लग्नाच्या मांडवासारखा पेटला होता. काकांचा चेहरा त्याहून जास्त.

"पाह्य, पोरी, पाह्य. तुही लाईन खरी निघाली."

"काका, मोटर सुरू करू नका!" मी गाडीवरूनच ओरडले.

"काऊन? त्याच्यासाठीच त आणली," असं म्हणून काकांनी बटण दाबलं.

पुढे जे झालं ते मी आता शांतपणे सांगू शकते. बल्ब मावळला. मोटरीने भजन सुरू केलं. पहिल्या गुंडाळीतून धुराची एक बारीक शेंडी निघाली. मग दुसरीतून. तार जाड, त्यामुळे ती तुटली नाही. वरचं वार्निश मात्र वितळलं आणि वेढे एकमेकांना चिकटले. चिकटलेली गुंडाळी म्हणजे नुसती सरळ तार. म्हणजे लाईन तेवढी आखूड! एकेक गुंडाळी जळत होती आणि माझ्या डोळ्यांसमोर हैदराबादचं अकोला झालं. अकोल्याचं नागपूर झालं. बाबांनी मेन स्विचकडे धाव घेतली.

बाबा मेनवर पोचायच्या आत शेवटची गुंडाळी चिकटली, आणि मोटरीने भजन थांबवून एकदम आरोळी ठोकली. पाणी! पाइपातून आधी हवा, मग चिखल, आणि मग मनगटाएवढी धार!

बाबांचा हात मेनवर तसाच थांबला.  मग माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. गुंडाळ्या संपल्या, पण पंख्याचे दहा कंडेन्सर शाबूत होते, आणि ते आता थेट मोटरीला जोडले गेले होते. मोटरीला नुसत्या तिच्या चुंबकापायी जी जास्तीची वीज लांबून ओढावी लागते, ती त्यांनी जागेवरच पुरवली. लाईनवरचा भार हलका, व्होल्टेज वर! इतकं सुंदर गणित मी कागदावर कधी मांडलं नव्हतं. मी साडीतच उडी मारली.

मग घड्याळ पाहिलं.

"काका, मेन बंद करा. मला फळी न्यायची आहे."

काका फळीपुढे आडवे उभे राहिले. "पोरी, माहा जीव घे, पण याले हात लावजो नको."

"माझी नोकरी आहे त्याच्यावर."

"अन् माही वांगी हायेत."

मी वांग्यांकडे पाहिलं. पाणी पहिल्या सरीत शिरलं होतं. काकांनी हळूच म्हटलं, "उद्या नेजो. आज पिऊ दे त्याईले."  मी जळून मोकळी झालेली एक गुंडाळी कापून मागितली. दोन मिनिटं मेन बंद करून ती काकांनी मोठ्या मनाने दिली. तिच्या जागी बाबांनी तारेचा तुकडा जोडला.

बारा वाजता मी विभागप्रमुख उज्वला मॅडमसमोर उभी होते. साडीला चिखल, केसांना धुराचा वास, हातात काळी गुंडाळी. मॅडमनी विचारलं, "अर्जात लिहिलंय, चालतं मॉडेल दाखवणार. कुठे आहे?"

"मॅडम, ते शेतात चालतंय."

मग मी जे घडलं तेच शिकवलं. सकाळी लाईन लांब होती, मग मध्यम झाली, मग लहान झाली, आणि प्रत्येक वेळी काय सोडून द्यायचं, काय धरायचं. वीस मिनिटं कधी संपली कळलं नाही. मॅडमनी ती गुंडाळी उचलून वास घेतला आणि म्हणाल्या, "हा धडा मुलं विसरणार नाहीत. मीही नाही."

चार दिवसांनी फोन आला. निवड झाली! मी धावत अंगणात आले, सगळ्यांना सांगायला. सगळं गाव आपापल्या ओट्यावरच होतं. दुपारी तीन वाजता, वर्ध्याच्या उन्हात, पेपरने, पुठ्ठ्याने, टोपीने वारा घेत बसलं होतं. सरींमधून पाणी खळाळत होतं. एकाही घरात पंखा फिरत नव्हता. काकांचं पाहून प्रत्येकाने आपापल्या पंख्यातला कंडेन्सर काढून मोटरीला लावला होता. अच्युतरावांनी तर पहिल्या खांबावर असूनही लावला होता, नुसत्या इज्जतीपायी.

मी म्हटलं, "नोकरी लागली."

आईने सुपाने वारा घ्यायचं थांबवलं. "लय चांगलं झालं, बाई. आता जे काही शिकवायचं ते तठी कॉलेजातच शिकवजो."

 बाबांनी एक पुठ्ठा माझ्या हातात दिला आणि वारा घालायला घामेजलेली पाठ माझ्याकडे केली.