बाबलकाकांचं सरकारी गाऱ्हाणं

आमच्या शेजारच्या बाबलकाकांना साधी एसटी पकडायची असली तरी देवाला गाऱ्हाणं घालावं लागतं. मसुऱ्याच्या थांब्यावर हात जोडून ते सुरू करतात, "बा देवा म्हाराजा, मालवणची गाडी टायमार येवंदे, रे म्हाराजा!" आणि रिवाजाप्रमाणे थांब्यावरच्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. एकदा एका पर्यटकानंही म्हटलं. गाडी उशिराच आली, पण काकांच्या मते निदान आली तरी.

गावात कुणी विहिरीला पंप बसवला तरी नारळ ठेवायला काकाच लागतात. स्वतःसाठी मात्र ते काही मागत नाहीत. लग्नही केलं नाही. त्यांचा नियम एकच, अभद्र शब्द काढायचा नाही. 'गरीब' तर नाहीच नाही. "त्वांडातसून गेला काय देव खरा करता!"

माझ्या सायलीला मुंबईच्या विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. शिष्यवृत्ती मिळाली तर फी आणि वसतिगृहाचा खर्च सुटणार, नाही तर पोरीनं घरी बसायचं. आमच्या काजूच्या बागेवर मुंबई झेपणारी नव्हती. मी काकांना सगळा क्रम सांगितला. आधी तलाठी, मग तहसीलदार, मग विद्यापीठ, शेवटी पोर्टल.

"म्हणजे आमच्या देवांसारख्याच," काका म्हणाले. "आदी वेशीवरलो, मगे गावचो, मगे वरचो. आणि ह्यो पोर्टल खंय बसता?"

"तो दिसना नाय, काका."

"मगे तोच मोठो!"

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठी घरी चौकशीला आले. साक्षीला शेजारी हवा म्हणून काकांना बोलावलं, आणि तिथेच घोळ झाला. "यांची परिस्थिती कशी आहे?" असं विचारल्यावर काकांनी ठेवणीतली कचेरीची भाषा काढली.

"परिस्थिती? उत्तम! या घरास काही कमी नाही. बाग भरलेली, गोठा भरलेला!"

गोठ्यात एक म्हैस होती. बायकोनं कपाळाला हात लावला. तलाठ्यांचं पेन थांबलं. "मग शिष्यवृत्ती कशाला?" म्हणून ते निघूनच गेले.

सायली रडकुंडीला आली. मी चिडून म्हटलं, "काका, गरीब म्हणा, नाय तर चेडू घराकच रवतला!"

काका पायरीवर टेकले. गरिबाच्या पोराची फी माफ व्हायची, त्या माफीला पूर्वी नादारी म्हणत. "माझ्या बापाशीनय मास्तरांका असाच सांगितल्यान," ते म्हणाले. "'आमका काय कमी नाय.' नादारी गेली. माझी शाळा सातवीतच सरली."

दुसऱ्या दिवशी मला घेऊन ते स्वतःच तलाठ्यांच्या कचेरीत हजर. "सायेब, ह्यो माणूस गरीब. बाग आसा, काजू नाय. गोठो आसा, म्हस आटलेली." खोटं एक अक्षर नव्हतं, पण सूर असा लावला की तलाठ्यांनी उठून मला खुर्ची दिली. दाखला मिळाला, यथावकाश शिष्यवृत्तीही मिळाली.

सायली निघाली त्या सकाळी काकांनी आम्हाला देवळात नेलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाची वाट सरळ कर, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"मी ह्यांका गरीब बोललंय, तां सरकाराक बोललंय. तू आयकलंस नाय, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सायलीला हसू आवरेना.

"आणि आयकलंच आसलंस, तर तां गरीबपण माझ्या घरार घाल. थंय माझ्याशिवाय कोण आसा, रे म्हाराजा?"

काका आमच्या होकारासाठी थांबले. बायकोनं पदर तोंडाला लावला.

"नाय म्हाराजा!" सायली ओरडली.

गाऱ्हाण्यात 'नाय' म्हणणारं माणूस काकांना जन्मात भेटलं नव्हतं. आता चिडतात की काय, असं मला वाटलं. त्यांनी डोळे पुसले आणि देवाकडे बघून हळूच विचारलं, "आयकलंस मां?"