आप्पांचा साधा नंबर

मन्मथआप्पांच्या एसटीडी बूथवरून पोलिसांना फोन करायचा, तर आधी आप्पांच्या चौकशीतून पास व्हावं लागे. सिरसाळ्याच्या स्टँडसमोर, आपल्या किराणा दुकानाची अर्धी जागा मोडून त्यांनी नव्यानेच बूथ टाकला होता. कुणी ‘पोलीस’ म्हटलं की आप्पांचा पंजा फोनवर पडायचा. मग तीन प्रश्न : “रगत हाय का? आग हाय का? चोर आजून घरात हाय का?”

एकाला जरी ‘हाय’ म्हणालात, तर शंभर नंबर. नाहीतर ठाण्याचा साधा नंबर, आणि तोही आधी पेलाभर पाणी पिऊन.

मी तिथल्या शाळेत मास्तर. शाळेतून माझी सायकल चोरीला गेली, तसा मी तरातरा बूथवर जाऊन शंभर लावायला लागलो. आप्पांनी मनगट धरलं.

“कवा गेली, सर?”

“सकाळी.”

“आता दुपार झाली. चोर परळीत चा पीत बसला आसंल. शंभर कावून? त्यो लागतो बीडच्या कंट्रोलला. तितला माणूस तुमच्या घंटीचा रंग लिवत बसंल, अन् तवर कुणाच्या तरी दारात कुऱ्हाड निघंल.”

मी चिडलो. हा माणूस फोनचा मालक की पोलीस खात्याचा? पण साध्या नंबरवर ठाण्यातल्या शेख जमादारांनी घंटीपासून मडगार्डपर्यंत सगळं सावकाश उतरवून घेतलं, तेव्हा माझा राग उतरला.

शेजारणीच्या म्हशीनं कडबा खाल्ला म्हणून एक बाई आल्या, त्यांना तर साधा नंबरही मिळाला नाही. “म्हशीला पोलीस न्हाई लागत. शेजारनीशी बोला,” एवढंच. मात्र एकदा गल्लीत खरंच कुऱ्हाड निघाली. बूथमध्ये फोनवर जावयाशी रंगात येऊन बोलणाऱ्या पाहुण्याला आप्पांनी दंडाला धरून बाहेर काढलं आणि शंभरवर गाव, गल्ली, कोपऱ्यावरचा लिंब, माणसं किती, सगळं एका दमात सांगितलं. जीप वेळेत आली. त्यानंतर गावात त्यांच्या तीन प्रश्नांना कुणी हसलं नाही.

मी मात्र एका गोष्टीला हसायचो. रोज चार वाजता आप्पा स्वतःच साधा नंबर लावत. “हालो जमादार, लाईन चालू हाय का बगतो.” चालू असल्याशिवाय बोलणं कसं होईल? पण पुढं पाव तास गुडघेदुखी, पाऊसपाणी, डब्यात भाजी काय, अशी लाईनची तपासणी चालायची.

एका दुपारी बूथवर गेलो तर आप्पा काउंटरवर कपाळ टेकून बसलेले. सदरा घामानं चिंब, कानाला रिसीव्हर.

“छातीवर जातं ठिवल्यावानी झालंय, जमादार. गडबड न्हाई. जमलं तर या.”

मी ओरडलो, “आप्पा, शंभर लावा की!”

“रगत न्हाई, सर,” ते म्हणाले आणि कलंडले.

शेख जमादारांनी ‘गडबड न्हाई’ अजिबात मनावर घेतलं नाही. जीप घेऊन स्वतः आले, आणि आम्ही दोघांनी आप्पांना अंबाजोगाईच्या दवाखान्यात पोचवलं. उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले.

तिसऱ्या दिवशी मी आप्पांना चांगलं फैलावर घेतलं. गावाला नियम शिकवता आणि स्वतःच्या जिवाशी खेळता?

आप्पांनी छताकडं बघतच सांगितलं. “शंभरावर कोण उचलंल, काय ठावं? त्येला नाव सांगा, गाव सांगा. जमादारला नुस्तं हालो म्हणलं तरी कळतं, आप्पा हाय म्हणून. घरात तसं वळकणारी व्हती, ती गेली. पोराला पुण्याला फोन लावला तर त्यो बी आदी ‘कोण बोलतंय’ म्हणतो.”

दिवसभर लोकांचे फोन जोडून देणारा हा माणूस. त्यांना कुणाचा फोन आलेला मी कधीच पाहिला नव्हता, आणि ते मला आज कळत होतं. माझीच मला लाज वाटली.

तेवढ्यात नर्सबाई दारात आल्या. “सिरसाळ्याचे आप्पा कोण? टेबलावर फोन आलाय, पोलीस ठाण्यातून. लाईन चालू आहे का, विचारतायत.”

मी घड्याळ पाहिलं. चार वाजले होते.