मागच्या सीटवरची गादी

"मागच्या सीटवर बसणाऱ्याला काही म्हणजे काही करावं लागत नाही," असं सोफेवाल्यांनी बायकोला छातीठोकपणे सांगितलं होतं. "तू नुसतं बसायचं आणि डोंगर बघायचे. हँडल मी धरीन, ब्रेक मी लावीन, पायडलसुद्धा मीच मारीन. तू फक्त बघ!"

सायकलवरून डोंगरदऱ्यांची सहल, पुढे वाट दाखवायला गाइड, मागे सामानाची गाडी, असं सगळं छापलेलं एक रंगीत पत्रक त्यांनी जेवणाच्या टेबलावर पसरलं होतं. पत्रकावर एका खिंडीचा फोटो होता. खिंडीच्या तोंडाशी उभं राहिलं की खाली अख्खी दरी दिसायची आणि तिच्यातून वळत गेलेली नदी. बायकोनं आधी तो फोटो पाहिला. मग शेजारचा, दोघांनी मिळून चालवायच्या जोडसायकलचा फोटो पाहिला. आणि ती हसायला लागली. इतकी हसली की हातातला आमटीचा डाव खाली ठेवून तिला खुर्चीवर बसावं लागलं.

"हसायला काय झालं?"

"काही नाही. जाऊ या. त्या खिंडीत पोचलो की तुमचं तुम्हालाच कळेल."

सोफेवाल्यांनी खूप विचारलं. ती सांगेना. बायकोच्या पोटात एखादी गोष्ट राहिली की ती बँकेच्या तिजोरीत राहिल्यासारखी असायची.

सोफेवाल्यांचं सोफे आणि खुर्च्या शिवायचं दुकान होतं. आख्खा जन्म त्यांनी लोकांच्या बसायची सोय बघण्यात घालवला होता. सायकलचं सीट त्यांनी दाबून पाहिलं आणि एखाद्या वैद्यानं दुसऱ्या वैद्याचं औषध हुंगावं तसं तोंड केलं. मग त्यांनी बायकोसाठी मागच्या सीटची गादी शिवली. खाली घट्ट फोम, मध्ये पिंजलेला कापूस, वर निळं जाड कापड, कडेनं दुहेरी शिवण आणि बांधायला नाड्या. बायकोनं ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर ठेवली, बसून पाहिली आणि म्हणाली, "आता मला सायकल नको. हे स्टूलच ढकलत न्या."

मग ती आजारी पडली. सोफेवाल्यांनी फोन करून सहल पुढे ढकलली. सहल पुढे गेली, ती गेली नाही. म्हणजे ती गेलीच.

यंदा सहलीच्या गाइडबाईंचा फोन आला. तुमची दोघांची नावं अजून आमच्याकडे आहेत, यंदा दोघं नक्की ना, असं त्यांनी विचारलं. सोफेवाल्यांच्या तोंडून निघून गेलं, "नक्की." फोन ठेवल्यावर त्यांना घाम फुटला. पण रद्दही करवेना. मुलगी चिडली. बाबा, तुम्ही जिना चढताना दोनदा टेकता, डोंगर कसा चढणार, म्हणाली. सोफेवाले म्हणाले, डोंगराला पायऱ्या नसतात. खरी गोष्ट त्यांनी तिला सांगितलीच नाही. त्यांना त्या खिंडीत जाऊन बायको का हसली ते बघायचं होतं. तिचं एवढं एकच बोलणं आता ऐकायचं राहिलं होतं.

गाइडबाईंना काय सांगायचं याची त्यांनी आरशासमोर तयारी केली. "ती आता नाही. मी एकटाच आलोय." सोपी वाक्यं. गादी पिशवीत घालून ते सहलीच्या जागी पोचले. अंगणात सायकली ओळीनं उभ्या होत्या आणि शेवटी ती लांबलचक जोडसायकल. गाइडबाई हसत पुढे आल्या. "या काका! काकू कुठेत?"

आणि सोफेवाले म्हणाले, "येतेय मागून."

आता यात त्यांचा फारसा दोष नव्हता. लग्न झाल्यापासून प्रत्येक दारात त्यांनी हेच वाक्य म्हटलं होतं. बायकोचं घरातून निघणं म्हणजे एक प्रकरण असे. गॅस बंद केला का, खिडकी लावली का, कुलूप ओढून पाहिलं का, मग पुन्हा आत जाऊन गॅस. तोवर सोफेवाले पोचलेले असत. लग्नात, बारशात, दवाखान्यात, कोणी विचारलं की, येतेय मागून. तोंडाला वळणच तसं पडलं होतं.

"म्हणजे बसनं येऊन पुढे भेटणार?" गाइडबाईंनी विचारलं.

सोफेवाल्यांनी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. गाइडबाईंनी ती हो धरली.

तिथून गाडं घसरायला लागलं. दुपारी डबे वाटले तेव्हा सोफेवाल्यांना दोन मिळाले. मुक्कामाच्या खोलीत दोन पलंग, दोन टॉवेल, दोन साबण. सकाळी खरं सांगू, असं त्यांनी ठरवलं. सकाळी चहाचे दोन पेले समोर आले आणि वाढणारी मुलगी म्हणाली, काकूंचा झाकून ठेवू का? सोफेवाल्यांना ते इतकं बरं वाटलं की ते म्हणाले, "ठेव."

खोटं बोलायचं त्यांच्या मनात नव्हतं. पण तिचा चहा कोणी झाकून ठेवला, असं किती दिवसांत झालं नव्हतं.

बरोबरच्या मंडळींत एक दातांची डॉक्टरीण होती आणि दोन साडू होते. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. त्या घरी होत्या आणि साडूंची चढाओढ सायकलवर चालली होती. थोरल्यानं एक टेकडी उतरताना हात सोडले की धाकट्यानं पुढची डोळे मिटून उतरायची. सगळ्यांची बसायची जागा सोलवटून निघाली होती आणि सगळ्यांचा डोळा जोडसायकलवरच्या निळ्या गादीवर होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काकू येईपर्यंत मी वापरू का? सोफेवाले नाही म्हणाले. तेवढं मात्र त्यांना स्पष्ट सांगता आलं.

आणि सगळ्यांच्या मागून शेपूटदादा येत. हा सहलीचा सायकल दुरुस्त करणारा माणूस. पाठीवर पान्यांची पिशवी, मिशा जाड, बोलणं कमी. त्याचा एकच नियम होता. त्याच्या मागे कोणी राहता कामा नये. शेवटचा माणूस पोचल्याशिवाय तो मुक्कामाला पाय टाकत नसे. कोणी कितीही हळू चालो, शेपूटदादा त्याच्याहून हळू.

दुसऱ्या दिवशी खिंडीचा घाट लागला. दोघांची सायकल एकट्यानं चढावर नेणं म्हणजे सोफा एकट्यानं माडीवर नेणं. अर्धा वेळ सोफेवाले ढकलतच होते. घाटाच्या मध्यावर विश्रांतीची एक खोली होती. तिथवर पोचेस्तो त्यांच्या नाकी नऊ आले. खोलीमागे उन्हात एक बाक होता. सोफेवाले त्यावर जरा टेकायला म्हणून बसले आणि झोपले.

खोलीच्या पुढच्या बाजूला शेपूटदादा नेहमीसारखे सर्वांत शेवटी आले. गाइडबाईंनी सहज विचारलं, काकूंची बस घाटाखाली थांबते ना, त्या दिसल्या का? शेपूटदादा म्हणाले, माझ्या मागे कोणी नाही. तेवढ्यात थोरले साडू बोलले. आपल्याला माहीत नाही असं म्हणायची त्यांना जन्मात सवय नव्हती. "मी पाहिलं ना. घाटाच्या पायथ्याशी एक बाई होत्या. पिवळं जाकीट. चालत यायला निघाल्या होत्या."

शेपूटदादांचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांत त्यांच्या मागे कोणी राहिलं नव्हतं. त्यांनी सायकल वळवली आणि ते घाट उतरून गेले. बराच वेळ झाला तरी परत आले नाहीत. खाली फोन लागत नव्हता. सामानाची गाडी आज आधीच खिंडीत गेली होती, गाइडबाईंनी गाडीवाल्याला वरून बोलावलं. डॉक्टरीणबाईंनी मलमपट्टी काढून ठेवली. दोन्ही साडूंची चढाओढ पहिल्यांदाच थांबली.

सोफेवाले जागे झाले तेव्हा सगळे त्यांच्याभोवती उभे होते. कोणीतरी साखरेचं पाणी पुढे केलं. कोणीतरी खांद्यावर शाल टाकली. गाइडबाई बाकावर बसल्या आणि त्यांचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "काका, घाबरू नका. काकूंना काहीही झालेलं नाही."

सोफेवाल्यांनी साखरपाण्याचा पेला हातात घेतला.

"काहीही झालेलं नाही," गाइडबाई पुन्हा म्हणाल्या. "थोड्या मागे राहिल्यात, इतकंच. आम्ही त्यांना घेऊन येतो."

दवाखान्याच्या लांब ओसरीत बाकावर बसून सोफेवाल्यांनी हेच वाक्य कोणीतरी येऊन म्हणेल याची वाट पाहिली होती. तेव्हा कोणी आलं नव्हतं. आता आलं होतं, हात धरून सांगत होतं. त्यांना वाटलं, अजून एकदा म्हणू दे. पण गाइडबाईंचं लक्ष सारखं घाटाच्या रस्त्याकडे जात होतं. सोफेवाल्यांनी पेला खाली ठेवला.

"झालंय," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. ती नाही. मला पहिल्या दिवशीच सांगायचं होतं, पण तोंडातून भलतंच निघालं."

धाकट्या साडूंनी हळूच विचारलं, "मग भाऊ, तुम्ही कोणाला पाहिलंत?"

थोरले साडू म्हणाले, "पिवळं काहीतरी होतं."

गाइडबाई रागावतील असं सोफेवाल्यांना वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी डोळे पुसले आणि कपाळाला हात लावला. शेपूटदादा खाली शोधताहेत, आणि काकू सापडल्याशिवाय ते वर येणार नाहीत, रात्र पडली तरी येणार नाहीत, असं त्या म्हणाल्या. गाडी पाठवते, म्हणाल्या. सोफेवाले उठले. "गाडी नको. माझी चूक आहे, मीच जातो."

ज्या घाटानं सकाळी जीव काढला होता तो ते पुन्हा उतरले. इतके कष्ट करून चढलेला घाट असा फुकट उतरताना माणसाला रडू येतं, पण वाऱ्यामुळे ते कोणाला कळत नाही.

एका वळणावर शेपूटदादांची सायकल आडवी पडलेली दिसली. बाजूच्या झाडीत डोकावत चालवताना ती दगडावर आपटली होती आणि पुढचं चाक पापडासारखं वाकलं होतं. शेपूटदादा कठड्यापाशी उभे होते. तोंडाभोवती हात धरून ते दरीत हाक मारत होते.

"काकू! ओ काकू!"

दरीतून हाक फिरून आली. सोफेवाल्यांनी ब्रेक दाबला आणि थांबले. लगेच सांगायला हवं होतं. पण शेपूटदादांनी पुन्हा छाती भरून घेतली आणि सोफेवाल्यांनी त्यांना आणखी एकदा हाक मारू दिली.

मग सांगितलं.

शेपूटदादा मटकन दगडावर बसले. त्यांनी विचारलं, "म्हणजे माझ्या मागे कोणी राहिलं नव्हतं?"

"नाही."

"मी म्हटलंच होतं!" त्यांचा जीव भांड्यात पडला. मग आपण काय बोललो ते ध्यानात येऊन ते ओशाळले, मिशी चोळत म्हणाले, "वाईट झालं हो काका." आणि पिशवीतून उकडलेलं अंडं काढून पुढे केलं. काकू उपाशी असतील म्हणून त्यांनी ते बरोबर घेतलं होतं. दोघांनी ते अर्धं अर्धं खाल्लं.

वाकलेलं चाक तिथं नीट होण्यातलं नव्हतं. सायकल कठड्याला साखळीनं बांधली. मग शेपूटदादा मागच्या सीटवर बसले आणि बसताच म्हणाले, "वा! गादी कोणाची?"

"तिची."

शेपूटदादा विंचू चावल्यासारखे उठले.

"बसा," सोफेवाले म्हणाले. "बसण्यासाठीच शिवलीय."

निघाले. पहिल्याच चढावर सोफेवाल्यांनी चमकून खाली पाहिलं. पायडल हलकं झालं होतं. मागून कोणीतरी जोर लावत होतं. त्यांनी वळून पाहिलं नाही. वळून पाहिलं नाही की मागे कोण आहे ते ठरवणं आपल्यावर असतं.

विश्रांतीच्या खोलीपाशी कोणी नव्हतं. मंडळी पुढे खिंडीत जाऊन थांबली होती. उन्हं उतरताना जोडसायकल खिंडीत शिरली. समोर एकदम सगळं उघडलं. खाली दरी, हिरवे पिवळे तुकडे, मधून वळत गेलेली नदी, अगदी पत्रकावर होती तशीच. मागे न बघता सोफेवाल्यांनी हळूच विचारलं, "दिसतंय ना?"

"काय?"

"दरी. नदी."

"कुठली नदी काका," मागून शेपूटदादा म्हणाले, "मला खालपासून तुमची पाठ दिसतेय. शर्टाची शिवण उसवलीय तुमच्या."

सोफेवाल्यांनी ब्रेक लावला. पाय जमिनीला टेकवले. आणि मग त्यांना हसू आलं. आधी पोटात, मग खांद्यांत, मग सबंध सायकल हलायला लागली. तू फक्त बघ, असं त्यांनी तिला सांगितलं होतं! दरीकडे जाणारा सगळा रस्ता तिनं त्यांच्या पाठीकडे बघत काढला असता. आणि हे माहीत असून ती जाऊ या म्हणाली होती.

गाइडबाई धावत आल्या. काका रडताहेत की हसताहेत हे त्यांना कळेना. शेपूटदादा सीटवरून न उतरता सगळ्यांना सांगत होते की आपण मागेच बसलोय, तेव्हा शेवटी आपणच पोचलो, हे ध्यानात ठेवावं.

सोफेवाल्यांनी हात मागे नेऊन शर्ट चाचपला. दोन खांद्यांच्या मधोमध चांगली वीतभर शिवण गेली होती. दुकानात रोज लोकांच्या उसवलेल्या गाद्या शिवत होते, आणि हा शर्ट कधी उसवला ते त्यांना माहीतच नव्हतं. मागून बघणारं कोणी नव्हतं ना.