डचेसचा खून आणि क्लॅरीचे दोरे

"दक्षिण गोलार्धात रक्ताच्या थेंबाशी बोलणारा माणूस एकच, तो मी," असं क्लॅरी हडलस्टन स्वतःच सांगायचा. दुसरं कुणी सांगत नव्हतं. पोलिसांच्या कचेरीत त्याने तीस वर्षं फायली लावल्या. निवृत्त होताना रक्ताच्या डागांवरचं दोन दिवसांचं शिबिर पदरात पडलं. त्यातल्या दुसऱ्या दिवशी तो सर्दीने घरीच होता.

एके सकाळी तो बहिणीवर उखडला होता. "डोरीन, कुंपणावर ठेवलेला माझा बेकरीतला सॉसेज रोल तू खाल्लास!"

"नाही रे बाबा."

"अपराधी हेच म्हणतात."

इतक्यात शेजारच्या टॅन्सीने टाहो फोडला. दोघं तिकडे धावली. टॅन्सीची कोंबडी डचेस गायब. शेडच्या पांढऱ्या भिंतीवर लाल शिंतोडे आणि समोर म्हाताऱ्या मर्वचा कुत्रा बिस्किट, तोंड लालभडक!

कुत्र्यामागे धापा टाकत आलेल्या मर्वकडे डोरीनने पाहिलं. हा मेंढ्यांचा मुलूख. आज कोंबडी, उद्या मेंढी, म्हणून कोंबडीला दात लावणारा कुत्रा इथे बंदुकीची गोळीच खातो. आणि मर्वच्या घरात बिस्किटशिवाय होतं कोण?

"नीट बघ रे, क्लॅरी," मर्व म्हणाला.

डोरीन भिंत हुंगायला वाकली.

"पुराव्याला नाक लावायचं नाही!" क्लॅरी गरजला. "थेंबाची शेपटी पाहा. शेपटीकडे थेंब धावला. उलट दोरे ओढले की उगम सापडतो."

टॅन्सीची विणायची लोकर घेऊन त्याने प्रत्येक थेंबापासून दोरा ताणला आणि मोजायची टेप लावली. "खुनी आठ फूट उंच!"

"टेप उलटी धरलीयस," डोरीन म्हणाली.

"मग खुनी डावखुरा!"

"डावखुरा तूच आहेस."

शेवटी सगळे दोरे एका जागी मिळाले. गुडघ्याएवढ्या उंचीवर, थेट बिस्किटच्या तोंडाशी. क्लॅरीने टेप गुंडाळून खिशात घातली.

मर्वने कुत्र्याचे कान खाजवले. "मीच नेतो त्याला. दुसरं कुणी नको."

डोरीनला राहवेना. दोरे मिळाले होते तिथे ती गवतात गुडघे टेकून चाचपू लागली. बेकरीची फाटकी पिशवी निघाली. वर पेन्सिलीने लिहिलेलं, 'क्लॅरी'. शेजारी चावलेली, फुटलेली सॉसची चिमुकली डबी. मधोमध दाबली की पिचकारी उडवते, ती. डोरीनने भिंतीला बोट लावून चाटलं.

"टोमॅटो सॉस आहे हा."

शेडमागच्या टायरमध्ये खुडूक बसलेली डचेस या गोंगाटाने वैतागून बाहेर आली आणि सगळे दोरे पायात गुंतवून गेली. मर्व मटकन खाली बसला. बिस्किट त्याचं तोंड चाटत सुटला. मर्वचं तोंडही लाल झालं.

"उगम अचूक काढला की नाही मी?" क्लॅरीने कॉलर नीट केली.

"काढलास. आता माफी माग."

"कुणाची?"

"आधी बिस्किटची. मग माझी."

क्लॅरीने डोकं खाजवलं.

"माफी मागणं? ते शिबिराच्या दुसऱ्या दिवशी शिकवलं असणार."