किरमानी गालिच्याची हिरवी पट्टी

जानरावांनी इराणच्या किरमानचा हातविणीचा गालिचा घेतल्यापासून घरात कुणाला त्यावर पाय ठेवायची सोय नव्हती. आल्यागेल्याला ते गालिचा उलटून मागच्या गाठी दाखवत आणि किरमानच्या विणकरांचा पिढीजात वारसा ऐकवत. ही सगळी विद्या गालिचे विकणाऱ्या गयासुद्दीनने दिलेली, एवढं मात्र सांगायचं राहून जाई. आज अकोल्याहून वारसा मंडळाचे डोमाजी गालिचा पाहायला येणार होते. अमरावती शाखेचं अध्यक्षपद देणं त्यांच्याच हातात होतं आणि जानरावांचा सगळा जीव त्या पदात अडकला होता.

आंघोळ उरकून ते बैठकीत आले आणि जागीच थिजले. गालिच्याच्या दोन्ही टोकांची झालर गायब होती. तिथे त्यांच्या बायकोच्या, पार्वताबाईंच्या, जुन्या लुगड्याची हिरवी पट्टी झकास शिवलेली होती.

"हे काय करून ठेवलं वं?"

"दोरे लोंबून राहिले होते." गोधडीची उसवलेली कड पार्वताबाईंना जन्मात पाहवली नव्हती. "एवढा महागाचा आनला अन् कड मारेल नाई. पाव्हन्यानं काय म्हनावं?"

"त्याच दोऱ्यांवर इनकर इनते. जीव होता तो गालिच्याचा."

"मंग आता जीव अंदर राहीन. बाहीर नाई पडनार."

तेवढ्यात डोमाजी आलेच. चष्मा पुसून त्यांनी गालिच्याला एक फेरी मारली आणि नेमके पट्टीपाशी वाकले.

"जानरावजी, हे काय हाय?"

खरं सांगितलं तर अध्यक्षपद गेलंच. जानरावांनी घसा साफ केला. "ते किरमानकडच्या खेड्यातली जुनी रीत हाय. घरची बाई आपल्या लग्नातल्या कापडाची पट्टी लावते. लय दुर्मिळ."

डोमाजींनी पट्टीवरून दोनदा बोट फिरवलं.

"आमच्या गालिच्याले बी अशीच पट्टी हाय," डोमाजी शेवटी हळूच म्हणाले. "बायको म्हने, मीच शिवली. म्या दिवाळीपासून बोललो नाई तिच्याशी. अन् हे तर तिकडची रीत निघाली."

चहा घेऊन आलेल्या पार्वताबाईंनी सगळं ऐकलं. पाहुणे गेल्यावर त्यांनी कपबशा गोळा केल्या.

"मी इरानची हाव, हे तुमी मले कधी सांगतलं नाई," मग त्या म्हणाल्या.

अध्यक्षपद मिळालं. पहिलं भाषण अकोल्यात झालं आणि विषय डोमाजींनीच ठरवला होता: किरमानची दुर्मिळ पट्टी. टाळ्या भरपूर पडल्या. घरी जाऊन सभासदांनी आपापल्या गालिच्यांच्या झालरी कापल्या. हे कानावर आलं तेव्हा जानरावांना खरोखर रडू आलं, पण आता अध्यक्षानेच भाषण मागे कसं घ्यायचं?

आठवड्याभराने गयासुद्दीनचा फोन आला.

"साहेब, तुमच्या भाषनानं गिऱ्हाईक येडं झालं. बिनपट्टीचा गालिचा कोनी घेऊन नाई राहिलं. भाभी शिवून देतीन का?"

अध्यक्षांनी फोन मुकाट्याने पार्वताबाईंच्या हातात दिला आणि ते कात्री शोधायला उठले.